चारशे दहा मीटरची हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी म्हणजे कोण — तर ज्याच्या पोटात एक गोष्ट सकाळपासून दुपारपर्यंत टिकत नाही असा माणूस. वाटेत कुणी भेटलं नाही तर मी बैलाला सांगतो, बैल झोपला तर गव्हाणीला सांगतो. तो मी, ही एवढी एक गोष्ट वीस-बावीस वर्षं गिळून बसलोय. बायकोला सांगितली नाही, देवाला सांगितली नाही. देवाला तर नाहीच नाही — त्याच्याच डोक्यावर हात ठेवून केलेलं काम ते, त्याला काय वेगळं सांगायचं?

तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे. ओळखणारे माझं बोलणं अर्धंच धरतात. मी मासा हातभर म्हणालो की ऐकणारा मनातल्या मनात तो वीतभर करून घेतो. मला त्याचा राग नाही. मी सांगतानाच त्या हिशेबानं वाढवून सांगतो. पण ही गोष्ट अर्धी करून घेऊ नका. हिच्यात मी काही वाढवलेलं नाही. कमी केलं होतं — आणि तोच तर गुन्हा.

आता तुम्ही म्हणाल, मग सांग ना, कशाला फेऱ्या घालतोस? थांबा हो. सरळ वाटेनं मी कधी कुठं पोचलोय?

आमच्या खालापूरच्या रानात आधी लांबी माणसाच्या अंगावरच असायची. कापड हातानं, खड्डा वितीनं, विहीर परसानं — परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहीर चार परस खोल म्हणजे चार माणसं एकावर एक उभी केली तर वरचा भिजत नाही. सूर्य कासराभर वर आला की औत जुंपायचं. आणि वाट मोजायची ती चिलमीनं. कोंडाण्याची लेणी इथनं किती लांब? तर गावातल्या माणसाला दोन चिलमी. दमेकऱ्याला पाच, आणि मुंबईच्या पाहुण्याला रस्ता संपतच नाही. मग मीटर आला. रस्त्यावरचे मैलाचे दगड उपटून किलोमीटरचे रोवले तेव्हा आमची म्हातारी माणसं खरंच विचारायची, की आता कर्जत लांब गेलं की जवळ आलं? आकडा तर वाढलाय!

हे सगळं बदललं तरी एक माप राहिलं होतं. हाक.

आमची खालची वाडी ओढ्याच्या खालच्या अंगाला, आणि डोंगराच्या बाजूला वरची वाडी. मध्ये ओढा. दोन्ही वाड्यांच्या वेशीवर एकेक चेडोबा — शेंदूर फासलेला दगड, राखणदार. जुन्या लोकांनी ठरवून ठेवलेलं : आपल्या चेडोबापाशी उभं राहून हाक घालायची, जिथवर ती ऐकू जाईल तिथवर ओढा त्या वाडीचा. दोन्ही हाका जिथं एकमेकींवर पडतात, तो भाग दोघांचा. आणि त्या दोघांच्या भागातच होता रांजणाचा डोह. वैशाखात सगळा ओढा हाडासारखा कोरडा पडला तरी ह्या डोहात गुरं धुण्याइतकं पाणी. तो दोघांचा, असं मानत आलेले. मोजलं कुणी नव्हतं. पाणी सोबत भरायचं, भांडायचं सोबत, आणि शिमग्याला ओढ्याच्या दोन अंगांना उभं राहून एकमेकांच्या नावानं बोंबा मारायच्या. बरं चाललं होतं.

बरं कसलं! माझं मुळीच बरं चाललं नव्हतं. कारण वरच्या वाडीत जोमा होता.

जोमाचं मला तेव्हा सगळंच खुपायचं. त्याचं चालणं, त्याचं हसणं, त्याची म्हैस. आजही खुपतं. ही कबुली लिहितोय म्हणून तुम्हाला वाटेल की आता तो मला आवडायला लागला असेल. नाही. माणूस मेला म्हणून गोड होतो का?

झालं असं, की आमच्या वाडीत सगळ्यात मोठा आवाज माझा. मोठा म्हणजे किती? एकदा कर्जत स्टेशनाबाहेर मी सुटलेल्या पाड्याला हाक दिली, तर घाटात गाडीला मागनं रेटणारं इंजीन जागच्या जागी थांबलं आणि ड्रायव्हर खाली उतरून विचारतो, "कोण मेलं?" बरं, थांबलं नसेल. हळू झालं असेल. ते इंजीन तिथं हळूच असतं. पण आवाज मोठा होता, हे धरून चाला. तर एका शिमग्याला मी आमच्या बाजूनं पुढं उभा राहिलो, छाती भरून बोंब मारली — आणि मधेच आवाज फाटला. कुठं गेला कोण जाणे. घशातनं नुसतं पीऽऽ निघालं. आणि पलीकडनं जोमा ओरडला, "पिपाणी वाजली रं, पिपाणी!"

डोंगर हसला. मी खोटं सांगत नाही, तिन्ही बाजूंनी हसण्याचे पडसाद आले.

त्या दिवसापासून मी पिपाणी. वाडीत पिपाणी, बाजारात पिपाणी. माझ्या लग्नात नवरीकडच्या पोरांनी जत्रेतल्या पिपाण्या आणल्या होत्या आणि मंगलाष्टकांच्या मधे मधे वाजवल्या. सासरा मला जावईबापू म्हणायच्या आधी एकदा चुकून "पिपा—" म्हणून थांबला. तुमच्या नावाचं असं कुणी केलंय कधी? रोज, बारा महिने? आणि तो जोमा तर मला दुसऱ्या नावानं हाकच मारायचा नाही. "काय पिपाणी, पेरणी झाली का रं?" हसून. प्रेमानं बोलल्यासारखं. त्या प्रेमाचाच मला जास्त राग यायचा.

आणि त्याचा आवाज? त्याबद्दल काय लिहू. तो वरच्या वाडीची घंटा होता. बिबट्या उतरला, जोमाची हाक. वणवा लागला, जोमाची हाक. कुणाचं जनावर हरवलं की त्याला बोलवायचे. तो डोंगराच्या सोंडेवर जाऊन जनावराचं नाव घ्यायचा आणि जनावर मान वर करायचं. माझ्या हाकेनं गुरं पळायची, त्याच्या हाकेनं यायची. एवढाच फरक — आणि तो मला माहीत होता.

एका उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं. डोहावर हंड्यांनी हंड्यांची डोकी फुटली, मग काठ्यांनी माणसांची. तक्रारी खालापूरला गेल्या आणि एक सर्व्हेअर साहेब आले. घाटावरचे होते. बारीक, चष्मा, पायात बूट, बरोबर मीटरची नवीकोरी साखळी. पंचांनी त्यांना हाकेची रीत समजावून सांगितली. साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"हाक म्हणजे किती? फुटात सांगा, मीटरमध्ये सांगा. मी कागदावर हाक कशी लिहू?"

आमचा एक म्हातारा म्हणाला, "सायेब, हाक म्हंजे हाक. लिवायची कशाला? ऐकायची."

शेवटी साहेबांनीच तोड काढली. तुमच्या रीतीनंच हाका घाला, जिथं संपतील तिथं खुंटी ठोकू, मग मी साखळीनं मोजतो. एकदा आकडा झाला की झाला, पुन्हा हाका नाहीत आणि भांडणही नाही.

रीत कशी, ते नीट ऐका, कारण सगळं तिच्यातच आहे. हाक घालणारा एका वाडीचा, आणि ऐकणारा दुसरीचा. दुष्मनाच्या कानानं मोजायचं! ऐकणाऱ्यानं चेडोबाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, हातात तांबडं फडकं घ्यायचं आणि ओढ्यानं एकट्यानं चालत सुटायचं. थोडं चालून थांबायचं. मागनं हाक येते. ऐकू आली तर फडकं वर. पुन्हा चालायचं. नाही आली तर हात खाली. हाक घालणारा तीनदा घालून बघणार, आणि तिसऱ्यालाही हात खालीच राहिला तर तिथं खुंटी. बाकी सगळी माणसं वर, हाक घालणाऱ्यापाशी, फडक्याकडं डोळे लावून. तेव्हा ऐकणाऱ्याला काय ऐकू आलं हे त्याच्याखेरीज कुणाला कळणार? कुणालाच नाही. जुन्या लोकांना त्याची काळजी वाटली नसावी.

आमच्याकडनं हाक घालायला मी. त्यांच्याकडनं ऐकायला जोमा.

मी आमच्या चेडोबापाशी उभा राहिलो आणि जोमा शपथ घेऊन ओढ्यानं वर निघाला. मी हाक घातली, फडकं वर. पुन्हा घातली, वर. जोमा डोहापाशी पोचला. मला वाटलं, आता हा हात खाली ठेवणार. मी असतो तर ठेवला असता. फडकं वर! डोह ओलांडून गेला, फडकं वर. वळणाच्या पलीकडं पार कातळावर चढला, तिथंही वर. मग कुठं तो थांबला आणि हात खाली राहिला. साखळीनं भरलं सातशे वीस मीटर. आमची वाडी नाचली.

आणि जोमा घाम पुसत परत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "वाजते हां पिपाणी. बरी वाजते!"

साहेबसुद्धा हसले.

तिथंच ठरलं. पाण्याचा विचार माझ्या डोक्यात नव्हता, हे लिहून ठेवतो. वाडीच्या भल्यासाठी केलं, पोराबाळांच्या घोटभर पाण्यासाठी केलं असं म्हणायची सोय आहे, आणि मनातल्या मनात मी ते पुष्कळदा म्हणून पाहिलंय. पण नाही. ते हसणं बंद करायचं होतं. बस.

सगळी माणसं वरच्या वाडीच्या चेडोबाकडं गेली. आमची वाडी ओस पडली इतकी गर्दी. मांडीवरची पोरंसुद्धा वर नेलेली. मी दगडावर हात ठेवला. दगड उन्हानं तापलेला होता, हात चटकला. शपथ घेतली. फडकं घेतलं आणि ओढ्यानं खाली निघालो.

पहिली हाक आली, फडकं वर केलं. दुसरी, वर. पुढची, वर. लगेच कसा खाली ठेवणार? मी काय एवढा मूर्ख? डोह समोर दिसायला लागला. दगड भिरकावला तर पाण्यात पडेल इतका जवळ. मी थांबलो. मागनं हाक आली.

मी हात खाली ठेवला.

दुसरी आली. तिसरी आली. मी उभा. कानात काही शिरतच नाही असा चेहरा करून उभा — चेहरा बघायला कुणी नव्हतं, तरी केला. वर चेडोबापाशी एवढीएवढीशी माणसं हलायला लागली. खुंटी घेऊन कुणीतरी खाली पळत निघालं.

मला ऐकू आली होती. तिन्ही. शेजारी उभं राहून बोलल्यासारखी.

झालं, लिहिलं. एवढंच होतं? नाही हो. एवढंच असतं तर मी ते एखाद्या दुपारी पारावर बसून हसत सांगितलं असतं. ऐकणाऱ्यांनी मांड्यांवर थापा मारल्या असत्या.

साखळीनं भरलं चारशे दहा मीटर. डोह त्याच्या खाली, म्हणजे आमचा. एकट्या आमचा. साहेबांना चारची गाडी होती. "वारा, उतार, काय असेल ते," असं म्हणून त्यांनी आकडा लिहिला. खुंटीच्या जागी पुढं दगड रोवला आणि त्यावर चुन्यानं ४१० लिहिलं. पोरं त्या जागेलाच चारशेदहा म्हणायला लागली. "चारशेदहावर ये, मासे धरू." अजून म्हणतात. त्यांना वाटतं आधीपासूनच नाव आहे.

वरच्या वाडीच्या बायका त्यानंतर दगडाच्या अलीकडं यायच्या बंद झाल्या. पाण्याला डोंगराआडच्या झऱ्यावर जायच्या, चढ चढून. एकदाच जोमाची बायको सखू चैत्रात रिकामा हंडा घेऊन दगडापाशी येऊन उभी राहिली. मी डोहावर म्हैस धूत होतो.

"ओ भाव," ती म्हणाली, "येकच हंडा घेते. घरात पोरगी तापानं फणफणलीय."

"सायबानं मोजून दिलंय. दगडाच्या अलीकडं पाय नाय टाकायचा."

माझी म्हैस पाण्यात लोळत होती. तिनं म्हशीकडं पाहिलं, माझ्याकडं नाही, आणि गेली. पोरगी वाचली, हे मला नंतर कळलं. मी विचारायला गेलो नव्हतो.

आणि जोमा? जोमानं हाक मारायचं सोडलं.

आधी मला उमगलंच नाही. शिमगा आला, तो पुढं उभा राहिला नाही. त्यांच्यातल्या कुणाचा बैल हरवला, तर चार माणसं रानोमाळ शोधत हिंडली; जोमा त्यांच्यातच, मुकाट. त्यांच्या वाडीतले म्हणायचे, "जोमाची हाक आटली." त्याला स्वतःला तसंच वाटत होतं. का नाही वाटणार? दुष्मनाला ऐकू आली नाही, शपथेवर. मीटरनं मोजून झालं, दगडावर लिहिलं गेलं. सातशे वीसच्या माणसापुढं चारशे दहाचा माणूस तोंड कशाला उघडेल? बाजारात भेटला तर मला पिपाणी म्हणायचा अजून, पण हळू आवाजात. तेव्हा मला काय वाटलं असेल? वाईट? — छे. पाटभर पुरणपोळ्या खाल्ल्यासारखं वाटलं. आठवडाभर मला भूक लागली नाही.

मग काही वर्षांनी, भाद्रपदात. आमच्याकडं तेव्हा खाली ऊन असतं आणि घाटावर कोसळत असतं. डोहावर लख्ख ऊन पडलेलं. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पाग टाकत होतो — पाग म्हणजे फेकायचं जाळं. मासळी चांगली लागत होती, तीन मासे हातभर लांब. वीतभर म्हणा. माझं लक्ष जाळ्यात.

एकाएकी मागनं कुणीतरी झाडी मोडत धडपडत आलं, माझी मानगूट धरली आणि मला काठावर ओढलं. जोमा. तोंडातनं फेस, गुडघे सोललेले. "पिपाणी, वर ये! वर ये भोसडीच्या!" मी त्याला एक ठोसा मारला. खरंच मारला, मला वाटलं, माझ्या जाळ्यावर आलाय. त्यानं ठोसा खाल्ला आणि मला तसंच कातळावर फरपटत नेलं. आणि वळणावरनं लोंढा आला. तांबडं पाणी, घरभर उंच. नाही — माणसाच्या छातीइतकं. पण त्यात अख्खं झाड होतं. मी उभा होतो ती जागा डोळ्यांदेखत गेली. पाग गेली, मासे गेले.

जोमा खाली बसला आणि मग त्याला उठता येईना. येताना त्याचा पाय दगडांच्या फटीत अडकून पिळवटला होता आणि तो तसाच त्यावर धावत आला होता. घोटा भलत्याच बाजूला वळलेला. मी त्याला पाठुंगळी घेतलं. दुसरं करणार काय? काठाकाठानं, झाडीतनं, त्याच्या वाडीकडं चढायला लागलो. तो कण्हत होता, माझ्या कानाशी. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास.

वाटेत तो दगड आला. ४१०. जोमा म्हणाला, "थांब जरा."

मी थांबलो.

"वर चेडोबापाशी व्हतो रं. लोंढा येताना बघितला. तोंड उघडलं हाक घालाया. मंग म्हटलं, काय उपेग? त्याला कुठं ऐकू जातीय. धावलो मंग." मग अगदी पोरासारखं विचारलं, "इथवरच येती ना रं माझी हाक?"

बघा आता. माणूस माझ्या पाठीवर. त्याचं तोंड माझ्या कानाला लागलेलं. आजूबाजूला कुणी नाही. त्याच्या धावण्यानं मी जिवंत, आणि माझ्या खोट्यानं तो लंगडा. एक शब्द बोलायचा होता. "नाही." एवढाच. तोही न बोलता नुसती मान हलवली असती तरी त्याला पाठीवर बसल्या बसल्या कळलं असतं.

मी म्हणालो, "हां. इथवरच."

आणि चालायला लागलो.

पुढचं तर ह्याहून घाण आहे. त्याला पाठीवर घेऊन मी वरच्या वाडीत शिरलो तेव्हा लोकांनी काय बघितलं? मी ओला, तो लंगडा, आणि मी त्याला वाहून आणतोय. कुणीतरी ओरडलं, "बाळारामानं जोमाला पुरातनं काढला!" बाळाराम! पिपाणी नव्हे. किती वर्षांनी ऐकलं मी ते नाव लोकांच्या तोंडून. मी काही बोललो नाही. मग थोडं बोललो. संध्याकाळपर्यंत मी सगळंच बोललो : कशी उडी घातली, झाडाला कसा धरला, जोमाला केसांनी कसा ओढला. दर वेळी पाणी दोन हात वाढत गेलं. जोमा बाजल्यावर पडून ऐकत होता. सखू रागानं काही बोलायला गेली, तर त्यानंच तिला गप्प केलं. माझ्याकडं बघून म्हणाला, "सांग पिपाणी, सांग. तुला शोभतं."

त्याचा पाय पुढं कधी सरळ पडला नाही. लंगडत चालायचा. आणि मी त्याचा आणखीच राग करायला लागलो. का? ज्याच्या जिवावर आपण श्वास घेतो त्याचा राग येतो का? येतो. मला विचारा. तो लंगडत समोरनं आला की मी वाट बदलायचो. त्याला वाटायचं, त्याचे उपकार घेतल्याची मला लाज वाटते.

जोमा गेल्या थंडीत गेला. वरच्या वाडीतनं निरोप आला, कारण लोकांच्या लेखी मी त्याला पुरातनं काढणारा. खांद्याचा मान मला द्यायचा म्हणत होते. मी ताप आलाय म्हणून सांगितलं. आता दोन्ही वाड्यांना नळ आलाय. डोहात वाळू भरलीय, गुरंसुद्धा उतरत नाहीत. दगड मात्र आहे. मध्ये कुणी हौशी पोरानं त्यावर ऑइलपेंटनं आकडा नवा करून ठेवलाय.

आता एकच राहिलंय. ते लिहितो आणि थांबतो.

रीत अशी, की हाक घालणाऱ्यानं ऐकणाऱ्याचं नाव घ्यायचं. माणसाला आपलं नाव सगळ्यात लांबनं ऐकू येतं म्हणून. त्या दिवशी दगडावरचा हात काढून निघताना मी मनात पक्कं केलं होतं, की हा मला पिपाणी म्हणूनच हाक मारणार. आणि पिपाणी काही माझं नाव नाही. मग माझ्या नावाची हाक मला ऐकू आली नाही, हे खोटंसुद्धा ठरणार नाही. असा वकिली हिशेब करून मी चाललो होतो.

त्यानं एकदाही पिपाणी म्हटलं नाही. पहिल्या हाकेपासून. चेडोबापुढं उभा राहून तो मला माझ्या नावानं बोलावत होता, मोठ्या भावाला बोलवावं तसा. तिसरी हाक झाली, रीत संपली, खुंटी ठोकायला माणूस निघाला, तरी तो थांबला नाही. त्याचा विश्वासच बसत नव्हता. मी पाठ फिरवली आणि घराकडं चालायला लागलो. हाक मागं येत राहिली. डोहाच्या काठानं आली. उंबराखाली आली. आमच्या मळ्यात आली. शेवटची मला ऐकू आली तेव्हा मी आमच्या चेडोबाला टेकून उभा होतो, पार खालच्या वाडीच्या वेशीत, आणि हाकेतलं अक्षर न् अक्षर सुटं होतं.

"बाळारामदादा होऽऽऽ!"

फडकं माझ्या उजव्या हातात होतं. मी ते घडी करून खिशात घातलं.